ईस्टर्न प्रॉमिसेस: तीन डिस्क आणि एक हमामखाना

मागच्या नोंदीत रशियन टोळ्यांच्या सिनेमांचा कप्पा लावायला घेतलाय एवढंच सांगून थांबलो होतो. कप्पा अजून निम्माच भरलाय, पण त्यातला मुख्य मानकरी आता तिन्ही अवतारांत घरात आलाय: ब्रिटनमधली डीव्हीडी, अमेरिकेतली एचडी डीव्हीडी (ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेली डिस्कची जात) आणि मग ब्लू-रे. म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी त्या एकाच सिनेमाची. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या, खाली शेवटापर्यंतचं सगळं फोडलेलं आहे.

तरी उजळणी म्हणून थोडक्यात. २००७ चा सिनेमा, दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्ग, पटकथा स्टीव्हन नाइटची. नाताळच्या दिवसांतलं लंडन. चौदा वर्षांची एक गरोदर रशियन मुलगी रक्तबंबाळ अवस्थेत औषधाच्या दुकानात शिरते, इस्पितळात बाळ वाचतं, ती जाते. तिची रोजनिशी सुईण ॲनाच्या (नेओमी वॉट्स) हाती लागते आणि तिच्यातल्या एका कार्डावरून ॲना पोचते ती ट्रान्स-सायबेरियन नावाच्या रेस्टॉरंटात. मालक सेम्यॉन (आर्मिन म्यूलर-श्टाल) म्हणजे गोडबोल्या आजोबा, स्वतः स्वयंपाक करणारा, आणि आतून टोळीचा मुखिया. त्याचा वाया गेलेला मुलगा किरिल (व्हिन्सेंट कॅसल) आणि किरिलचा ड्रायव्हर निकोलाय (व्हिगो मॉर्टेन्सन). टोरंटोच्या महोत्सवात प्रेक्षकांनी निवडलेला सिनेमा हाच होता आणि मॉर्टेन्सनला ऑस्करचं नामांकनही मिळालं. रोजनिशी वाचणारा आवाज तातियाना मास्लानीचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. ‘ऑर्फन ब्लॅक’ मालिकेमुळे तिचं नाव होण्याच्या कितीतरी आधीचं ते काम.

आता कामाचं. सुरुवात डीव्हीडीपासून केली, कारण ती स्वस्तात पदरात पडली. डिस्कसाठी जगाची रिजनांत, म्हणजे विभागांत, वाटणी केलेली आहे आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या साध्या प्लेअरवर चालत नाही. ब्रिटनची डिस्क रिजन २ ची, आपला भारत रिजन ५ मध्ये. गंमत अशी की रिजन ५ मध्ये रशियाही आपल्याच पंगतीला आहे, आणि ब्लू-रेच्या वाटणीतही आपण दोघे रिजन सी मध्ये. म्हणजे खुद्द रशियात निघालेल्या डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर विनातक्रार चालतात, आणि लंडनमधल्या रशियनांचा सिनेमा लंडनहून मागवला की प्लेअर ढिम्म हलत नाही. माझा प्लेअर रिजन-फ्री करून घेतलेला आहे, त्यामुळे घोडं तिथे अडलं नाही.

अडलं ते वेगात. पाल, म्हणजे ब्रिटन-युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीच्या, डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने पळवतात. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत उरकतो. ते एक वेळ चाललं असतं, पण पट्टी सुधारून घेतलेली नसेल तर आवाजही चढतो: पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या साधारण पाऊण हिस्सा. हॉवर्ड शोरच्या संगीतातलं एकटं व्हायोलिन आणि निकोलायचं ते खालच्या सुरातलं, शब्द मोजून बोलणं ही या सिनेमाची अर्धी हवा. ब्लू-रेवर तोच प्रसंग लावला की तो माणूस दोन-चार वर्षांनी थोराड झाल्यासारखा वाटतो. ज्यांचा कान पक्का नाही त्यांना फरक जाणवायचाही नाही. ज्यांना जाणवेल त्यांना मग पाल डिस्क लावावीशी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी अडचण लाल रंगाची. सेम्यॉनच्या रेस्टॉरंटचं अख्खं दालन गडद लाल. डीव्हीडीत रंगाची माहिती मुळातच तुटपुंजी साठवलेली असते आणि लाल रंग ते सगळ्यात आधी उघडं पाडतो. मेजवानीच्या प्रसंगात म्हाताऱ्या पाहुण्यांच्या कडा पार्श्वभूमीत विरघळतात. मोठ्या टीव्हीवर तर बघवत नाही.

एचडी डीव्हीडी मात्र निव्वळ हौसेपायी घेतली, हे कबूल. २००७ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेत हा सिनेमा डिस्कवर आला तेव्हा युनिव्हर्सल ही सिनेमा कंपनी एचडी डीव्हीडीच्या गोटात होती. १९ फेब्रुवारी २००८ ला एचडी डीव्हीडीचा मुख्य पाठीराखा तोशिबाने हात टेकले आणि तो सगळा प्रकारच बंद पडला. दोनेक महिन्यांचं आयुष्य. माझ्याकडे आहे ती कॉम्बो डिस्क: एका बाजूला एचडी, दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी. दोन्हीकडून आरशासारखी, चित्र नाही, नाव नाही. कुठली बाजू कुठली ते मधल्या भोकाभोवतीच्या मुंगीएवढ्या अक्षरांवरून ओळखायचं. चाळशी लावून, दिव्याखाली तिरकी धरून. चालवायला एक्सबॉक्स ३६० चा जुना, वेगळा मिळणारा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह जुन्या बाजारातून उचलला. तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येतो. या जातीच्या डिस्क आता वाचताना दगा देतात असं सगळीकडे ऐकू येतं, म्हणून पहिल्यांदा लावली तेव्हा जीव टांगणीला लागला होता. शेवटपर्यंत चालली. लगेच तिची प्रत काढून ठेवली आणि आता ती फक्त कप्प्यात मिरवण्यापुरती.

प्रत काढणाऱ्यांसाठी एक सूचना. या सिनेमात रशियन संवाद भरपूर आहेत. रिप करताना ‘फोर्स्ड’ (फक्त परक्या भाषेतल्या संवादांखाली येणाऱ्या) सबटायटलचा ट्रॅक वेगळा तपासून घ्या. तो सुटला तर बापलेक आपसात काय बोलतात ते हवेतच राहतं, आणि सगळी सबटायटल चालू केलीत तर इंग्रजी बोलण्याखालीही पट्टी धावत राहते.

आता हमामखाना. तिन्ही डिस्क तोलायला मी हाच प्रसंग वापरतो. संपूर्ण सिनेमात एकही गोळी सुटत नाही. जे काही होतं ते वस्तऱ्याने आणि चाकूने. हमामात निकोलाय कमरेला पंचा गुंडाळून बसलेला, काळ्या चामडी जाकिटातले दोन चेचेन मारेकरी लिनोलियम कापायचे वाकडे चाकू घेऊन येतात, आणि पुढची काही मिनिटं तो नागडा, निःशस्त्र लढतो. पीटर सुशिट्झ्कीचा कॅमेरा मागे सरकून सगळं दाखवतो. फटाफट कापाकापी करून काही लपवलेलं नाही. हाणामारी म्हणजे नुसता धुरळा अशी सवय झालेल्या डोळ्यांना आधी हे संथ वाटतं, मग पोटात गोळा येतो.

डिस्कच्या दृष्टीने हे दुखणं अवघड आहे. टाइल्सच्या सरळ रेषा, ओली कातडी, दमट हवा, वर ३५ मिमी फिल्मचा जिवंत ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक दाणे. कॉम्प्रेशनला सपाट आणि स्थिर चित्र आवडतं. वाफ आणि ग्रेन या दोन गोष्टी प्रत्येक फ्रेममध्ये नव्या असतात, म्हणून बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी माहितीची जागा) अपुरा पडला की पहिला बळी त्यांचाच जातो. डीव्हीडीची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट, ब्लू-रेवर चित्राला ४० पर्यंत जागा. डीव्हीडीवर मागच्या भिंतीत चौकोनी ठोकळे थरथरताना दिसतात. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे यांत मला तरी या प्रसंगापुरता सांगण्यासारखा फरक दिसला नाही, आणि दिसतो म्हणणाऱ्यांनी फ्रेम दाखवाव्यात.

पण मुख्य मुद्दा गोंदण्याचा. हा सिनेमा कातडीवर लिहिलेला आहे. तुरुंगातली रशियन टोळी माणसाचं चरित्र त्याच्या अंगावर वाचते: चर्चचे घुमट किती, त्यावरून शिक्षा किती, गुडघ्यावर तारे म्हणजे कुणापुढे गुडघे टेकणार नाही. न कमावलेली खूण कुणी मिरवली तर ती काचेने खरवडून काढायला लावत. निकोलाय चड्डीवर म्हाताऱ्या मुखियांसमोर उभा राहतो, ते त्याचं अंग वाचतात, आईबापांना नाकारायला लावतात, आणि मग छातीवर नि गुडघ्यांवर तारे गोंदतात. वाटतं, बढती झाली. खरं तर सेम्यॉनने त्याला किरिलच्या जागी बळी द्यायचं ठरवलेलं असतं. चेचेनांना किरिलचा चेहरा ठाऊक नाही, तारे तेवढे ठाऊक. हमामात कपडे नसतात, तारे दिसतात. आणि हा माणूस मुळात रशियन गुप्तचर खात्याचा! म्हणजे अंगावरचं सगळं चरित्रच बनावट, आणि ते वाचणारे त्या बनावटीवर शिक्कामोर्तब करतात.

हे सगळं डीव्हीडीवर गुडघ्यावरचा काळा डाग म्हणून दिसतं. ब्लू-रे थांबवून पाहा. बोटांवरच्या अंगठ्यांसारख्या खुणा वेगवेगळ्या ओळखता येतात, पाठीवरचं काम वाचता येतं, आणि हमामात नवे तारे जुन्या गोंदणापेक्षा ठसठशीत वाटतात. तुरुंगातली शाई बुटाच्या रबराची काजळी आणि लघवी मिसळून करत, सुई चालवायला दाढीचं मशीन आणि गिटारची तार. असली शाई पुढे काळी राहत नाही, निळसर होते. टीव्हीचे रंग जुळवताना मी हाच निकष धरतो: माझ्या आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन जसं हिरवट-निळं पडलं होतं, त्या जवळपास निकोलायची पाठ दिसली तर रंग बरोबर. कोळशासारखी काळी दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट कमी करा.

जादा ऐवजात ‘मार्क्ड फॉर लाइफ’ हा गोंदण्यावरचा छोटा तुकडा बघाच. ‘सीक्रेट्स अँड स्टोरीज’ नेहमीचं कौतुकपुराण, एकदा पाहिलं की झालं. क्रोननबर्गची कॉमेंटरी असती तर बहार आली असती. गोंदण्यावर खरी भूक लागलीच तर ॲलिक्स लॅम्बर्टचा २००० सालचा ‘द मार्क ऑफ केन’ हा माहितीपट शोधा. क्रोननबर्ग आणि मॉर्टेन्सन, दोघांनीही तो अभ्यासाला घेतला होता. डान्झिग बाल्दाएव या तुरुंगरक्षकाने आयुष्यभर कैद्यांच्या अंगावरची गोंदणं कागदावर उतरवून ठेवली. त्याचे खंड लंडनच्या फ्यूएल प्रकाशनाने काढले. एक खंड माझ्याकडे आहे, आणि डिस्क थांबवून तो शेजारी उघडून बसणं हा सध्याचा माझा रविवारचा उद्योग. घरच्यांनी बोलणं सोडून दिलंय.

कप्प्याची बाकी खबर. बालाबानोवचा ‘ब्रात’ (१९९७) रशियन डिस्कवर आला, आपल्या साध्या प्लेअरवर लागला, पण इंग्रजी सबटायटल नाहीत, तेव्हा तूर्त नुसतं पीटर्सबर्ग आणि सेर्गेई बोद्रोवचा तो जाडा स्वेटर बघणं चालू आहे. जेम्स ग्रेचा ‘वी ओन द नाइट’ (२००७) ब्लू-रेवर मिळाला. पावसातला गाडीचा पाठलाग हमामखान्याच्या तोडीची परीक्षा घेतो, त्याची सविस्तर नोंद पुढे. फोर-केबद्दल विचारू नका, टीव्ही जुनाच आहे.

राहिला त्याच ग्रेचा पहिला सिनेमा, ‘लिटल ओडेसा’ (१९९४). ब्रायटन बीचवरचा बर्फ, टिम रॉथ, व्हेनिसला रौप्य सिंह. युरोपातून एक डीव्हीडी विकायला आलीये, कव्हरवर मिनिटं छापलेली नाहीत आणि विक्रेता दाद देत नाही. कुणाकडे ती असेल तर प्लेअरवर लावून एकूण वेळ तेवढा कळवा. मूळ सिनेमा ९८ मिनिटांचा आहे. ९४ निघाली तर मी पैसे घालणार नाही.