रिव्हर्स टाकला की गाडी रडते का?

गाडी रिव्हर्सला टाकली की ती जी उंऽऽऽ करत रडते ना, मला खूप वर्षं वाटायचं की मागे जाताना इंजिनवरच जोर पडत असणार. तसं काही नाहीये. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात कारण तिथे एक आयडलर गिअर (म्हणजे फिरण्याची दिशा उलटवणारा मधला गिअर) सरकवून मधे घुसवायचा असतो, आणि सरळ दात्यांत तो सहज शिरतो. पण सरळ दाता समोरच्यावर सगळ्या रुंदीने एकदम आदळतो आणि एकदमच सुटतो. पुढच्या गिअरांचे दाते तिरके, म्हणजे हेलिकल. ते एका टोकापासून हळूहळू टेकत जातात, आणि एकाने लोड सोडेपर्यंत दुसऱ्याने तो घेतलेला असतो, म्हणून शांत. अर्थात फुकट काही नाही, तिरक्या दात्यांमुळे शाफ्ट, म्हणजे गिअर ज्यावर बसतात तो दांडा, लांबीच्या दिशेने रेटला जातो, मग बेअरिंग तशी तगडी लागतात.

आवाजाची पट्टी म्हणजे साधा गुणाकार. 25 दात्यांचा गिअर मिनिटाला 2400 फेरे घेतोय तर सेकंदाला 40 फेरे, म्हणजे 1000 वेळा दाता दात्याला भिडला, म्हणून 1000 हर्ट्झचा सूर. स्पीड वाढला की सूर चढतो तो यामुळे.

आता खरी गंमत. लोड आला की दाता वाकतो, अगदी काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), पण तेवढ्याने मागून येणारा दाता ठरल्यापेक्षा किंचित आधी टेकतो आणि ठोका बसतो. म्हणून दात्याचं टोक मुद्दाम काही मायक्रॉन घासून कमी करतात, त्याला टिप रिलीफ म्हणतात. म्हणजे ड्रॉइंगमधला परफेक्ट दाता गाडीत ओरडतो आणि जाणूनबुजून थोडा बिघडवलेला गप्प बसतो!! फक्त हे घासणं ठरावीक लोड धरून केलेलं असतं, त्यामुळे काही गाड्या हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर कुईं करतात आणि जरा जास्त दाबला की शांत होतात.

(न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते ते प्रकरण वेगळं. तिथे बिनलोडाचे गिअर दात्यांमधल्या फटीत इकडून तिकडे आपटत असतात.)

बरं, आपण ऐकतो तो आवाज थेट दात्यांचा नसतोच. थरथर शाफ्टमधून बेअरिंगमध्ये, तिथून गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीत जाते आणि ती भिंत स्पीकरसारखी वाजते. म्हणून कधीकधी दाते तसेच ठेवून भिंतीला दोन रिब (मजबुतीसाठीच्या उभार पट्ट्या) जास्त दिल्या तरी फरक पडतो.

इलेक्ट्रिक गाडी आली की गिअरच कमी, मग आवाजही गेला असं लोकांना वाटतं. उलटंच आहे. तोच 25 दात्यांचा गिअर मोटरवर मिनिटाला 9000 फेऱ्यांनी फिरवा, 3750 हर्ट्झ होतात, म्हणजे आपला कान जिथे सगळ्यात तिखट असतो बरोबर तिथेच, आणि वरून झाकायला इंजिनचा आवाजच नाही.