वाईचा आठवड्याचा अंदाज : मृगाआधी नोंदवहीत केलेले बदल

दर रविवारी संध्याकाळी फक्त वाई शहरापुरता सात दिवसांचा अंदाज लिहायचा आणि पुढच्या रविवारी तो तपासायचा, हा क्रम चालू आहे. वळवाचे दिवस सरत आले, मृग तोंडावर आहे. त्याआधी पद्धतीत जे बदलले ते इथे.

सगळ्यात आधी तारखेचा घोळ. पाऊस मोजायचा सकाळी 8.30 ला आणि आकडा लिहायचा मोजल्याच्या तारखेला. हवामान खात्याची रीत तीच. पण वळीव येतो दुपारी उशिरा. रविवारी चार वाजता झोडपून गेलेला पाऊस त्यामुळे सोमवारच्या रकान्यात बसतो. "रविवारी गडगडाटी पाऊस" हा बरोबर आलेला अंदाज चुकलेला दिसतो आणि सोमवारी न सांगितलेला पाऊस पडल्याची आणखी एक चूक आपल्या खात्यावर चढते. आता पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ वेगळ्या रकान्यात लिहायची, आणि अंदाज तपासायचा तो त्या वेळेवरून. मिलिमीटरचा आकडा मात्र 8.30 चाच.

पर्जन्यमापक घरगुतीच आहे : नरसाळे आणि दोन लिटरची बाटली. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास 11.3 सेंमी असेल तर क्षेत्रफळ 100 चौ. सेंमी होते आणि 10 मिली पाणी म्हणजे 1 मिमी पाऊस, हिशेब तोंडी. 10 सेंमीचे नरसाळे असेल तर 7.85 मिलीला 1 मिमी. काठाची जाडी धरून मोजू नका. आतला व्यास 11 आणि आपण 11.3 धरला, तर प्रत्येक नोंद पाच टक्क्यांनी कमी येते. दोन लिटरची बाटली 200 मिमीला भरते. वाईत तेवढी पुरते. हाच संच महाबळेश्वरला नेला तर जुलैतल्या एखाद्या रात्रीत बाटली भरून वाहू लागेल. जवळच्या भिंतीपासून अंतर भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट ठेवा. आणि नरसाळ्याची नळी दर आठवड्याला बघा, कुंभारमाशीला ती फार आवडते.

आता खरा रस आहे तो ढगाच्या तळाच्या उंचीत. कोरड्या आणि ओल्या (फुग्यावर ओली मलमल गुंडाळलेल्या) तापमापकावरून दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, काढा, तापमानातून वजा करा, फरकाला 125 ने गुणा. जमिनीपासून तळ किती मीटरवर, ते मिळते. समजा कोरडा 34 आणि ओला 25 अंश दाखवतो. दवबिंदू येतो 22 च्या आसपास, फरक 12, तळ 1500 मीटरवर.

वाईला हे पडताळायची सोय डोळ्यांसमोर आहे. पाचगणीचे पठार, म्हणजे टेबललँड, गावापेक्षा साधारण 600 मीटर उंच, म्हणजे फरक 5 अंशांच्या आत आला की ढग टेबललँडच्या कडेला टेकायला हवेत. तसे होत नसेल तर दोन शक्यता. हिशेब 400 मीटर सांगतो आणि कडा स्वच्छ दिसतो : ओल्या तापमापकाची मलमल मळली किंवा सुकली आहे, म्हणून तो जास्त दाखवतोय. नळाच्या पाण्याने कापडावर क्षार बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी वापरा. उलट, हिशेब 1000 मीटर सांगतो आणि कडा ढगात बुडालेला : मापकाचा दोष नाही. तो ढग कोकणातून चढून आलेल्या दमट हवेचा आहे, वाईच्या हवेचा नाहीच. 125 चा नियम गावच्या तापलेल्या जमिनीवरून वर गेलेल्या क्युम्युलसपुरता, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगापुरता. मृगानंतर पश्चिमेचा वारा लागला की हा रकाना बंद करायचा.

ढग ओळखताना सर्वाधिक गोंधळ खवल्यांच्या आभाळात होतो. हात लांब करा, ढग क्षितिजापासून 30 अंशांहून वर असू द्या. ढगाचा एकेक गोळा करंगळीमागे लपला तर सिरोक्युम्युलस (सर्वांत उंचावरचा), तीन बोटांत मावला तर ऑल्टोक्युम्युलस (मधल्या थरातला), त्याहून मोठा तर स्ट्रॅटोक्युम्युलस (खालचा). ऑल्टोक्युम्युलसच्या डोक्यावर सकाळीच बुरूज फुटलेले दिसले तर मधल्या थरातली हवा अस्थिर आहे. त्या दिवशी दुपारी गडगडाटाची शक्यता एक पायरी वाढवा. साधे क्युम्युलस अकराच्या सुमारास रुंदीपेक्षा उंच झाले, तरी तेच. दुपारपर्यंत चपटेच राहिले तर नुसता उकाडा.

सिरसची, म्हणजे खूप उंचावरच्या तंतूंसारख्या ढगांची, दिशा हा नवा रकाना. ढोल्या गणपतीच्या देवळाचे टोक किंवा विजेचा खांब धरून एका जागी उभे राहा आणि पाच मिनिटे बघा. मान हलली की नोंद फुकट. मे महिन्याच्या सुरुवातीला हे तंतू सहसा पश्चिमेकडून येतात. मॉन्सून बसला की उंचावरचे वारे पूर्वेचे होतात, क्युम्युलोनिंबसची (गडगडाटी ढगाची) ऐरण, म्हणजे त्याचा चपटा माथा, तीही पश्चिमेकडे पसरते. चार थेंबांवरून "मॉन्सून आला" म्हणण्यापेक्षा ही खूण बरी.

अंदाजाचे शब्दही बदलले. पहिले दोन दिवस वेळेसकट, तिसरा ते पाचवा फक्त शक्यता, शेवटचे दोन केवळ कल : पाऊस वाढेल की उघडीप. आठवडाभराचा पाऊस तासातासाने सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका. जीएफएसचे (अमेरिकी हवामान संस्थेच्या संगणकी अंदाजाचे) फुकट मिळणारे आकडे साधारण 27 किमीच्या चौकोनाचे असतात. महाबळेश्वर वाईपासून सरळ रेषेत 25 किमीच्या आत, त्यामुळे डोंगरमाथ्याचा पाऊस आणि पर्जन्यछायेतले वाई त्यात एकमेकांत मिसळतात. साताऱ्याच्या घाटमाथ्यासाठी दिलेला इशाराही वाईच्या रकान्यात तसाच उतरवू नका. घाटावर धो धो चालू असताना इथे वाऱ्याने उडून आलेली भुरभुर असते : रस्ते ओले, बाटलीत जेमतेम एक मिमी.

म्हणून "पाऊस पडला" याची मर्यादा 2.5 मिमी ठेवली आहे. नाहीतर जुलैत रोज "पाऊस" लिहिणाराच पहिला येतो. शिवाय प्रत्येक आठवड्याला "काल होते तसेच आज" असा एक आळशी अंदाजही शेजारी मांडायचा आणि आपले गुण त्याच्याशी ताडून बघायचे. झडीच्या दिवसांत तो हरवायला अवघड आहे.