तुम्ही विचारलंत म्हणून: माईक हातात असून गप्प कामून?

"सर, कार्यक्रम ऐन रंगात आला की तुम्हीच गप्प कामून होता?" लातूर, उदगीर, अंबाजोगाई, कुठंबी जा, कार्यक्रम झाल्यावर चहा पिताना कोणीतरी हे विचारतंच. मी सूत्रसंचालन करतो, म्हणजे हळदी-कुंकू, सेवानिवृत्तीचे सत्कार, गणपतीतले कार्यक्रम, कधीमधी हास्य कविसंमेलन. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

उखाण्याचंच घ्या. संक्रांतीचं हळदी-कुंकू, नवी सून उभी, बायका ओरडायल्यात "नाव घे, नाव घे", पहिली ओळ म्हणून झाली आणि दुसरी काही केल्या आठवंना. पदराचं टोक बोटाला गुंडाळायली, सासूकडं बघायली. अशा वेळी बहुतेक निवेदक मधी तोंड घालतात, "वहिनी नवऱ्याचं नावच विसरल्या वाटतं!" हशा मिळतो, मिळतोच, पण तिचा उखाणा गेला ना राव. मी माईक तिच्यापुढं तसाच धरून उभा राहतो. स्टेजवर पाच-सात सेकंद म्हणजे लई होतात, घाम फुटतो, पण मग मागून कुठूनतरी नणंद नाहीतर जाऊ अर्धी ओळ फेकते, ही ती झेलते, नाव घेते आणि मग जो गलका होतो तो माझ्या कुठल्याच कोटीला आजवर झालेला नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्या मराठवाड्यात चेष्टा म्हणली की कोणाला सोडत नाहीत. खरंय. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीच्या दिवशी जावयाला गळ्यात चपलांचा हार घालून गाढवावरून मिरवतात, ऐंशीहून जास्त वर्षं चाललंय हे, जावई लोक आधीच गायब होतात आणि गावातली पोरं त्यांना हुडकून हुडकून आणतात. पण मिरवणूक झाली की त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते, हे पण बघा की. गावानं चेष्टा करायची आणि गावानंच आहेर करायचा, म्हणून ते चालतं. मी पाकीट घेऊन रात्री घरी जाणारा माणूस, मी कोणाला कुठली अंगठी देणार?

२०१६ चा उन्हाळा आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, जलदूत. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती पाच लाख लिटरच्या आसपास पाणी घेऊन, आणि त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लागलेलं. त्या दिवसांत लातूरकर स्वतःचीच काय उडवायचे, "पाहुणे या, पण येताना घागर भरून आणा", "आमच्या घरातच पाचजण आहेत, जमावबंदीत बसतं का बघा". तेव्हाच्या एका कार्यक्रमात बाहेरगावच्या एका पाहुण्यानं आंघोळीवरून तसलाच विनोद केला. लोक हसले, नाही असं नाही, पण पुढच्या दोन रांगांतल्या बायका काही हसल्या नाहीत, अर्ध्या रात्री टँकरची वाट बघणाऱ्या त्याच. मग माईक माझ्याकडं आला, कोटी जिभेवर तयार होती, चांगली होती खरंतर. पुढच्या कवीचं नाव पुकारलं आणि बाजूला झालो.

गप्प म्हणजे तोंड पाडून उभं राहणं नव्हे हां, हसायचं, टाळी द्यायची, फक्त आपलं घोडं पुढं दामटायचं नाही. आणि कोणी पोरीच्या रंगावरून, कोणाच्या जातीवरून घसरला तर तिथं मात्र मी गप्प बसत नाही, "चला, पुढं जाऊ" म्हणतो आणि सरळ माईक काढून घेतो, पाहुणा रुसला तर रुसला, संयोजकाचं तोंड पुढं आठ दिवस वाकडं असतं ते वेगळंच.

बाकी यात खरी अडचण साऊंडवाल्याची. मी बोलायचं थांबलो की त्या पोराला वाटतं माईक गेला, ते लगेच बटणं फिरवायला लागतं आणि ऐन वेळेला कूंऽऽऽ. त्यामुळं आजकाल कार्यक्रमाच्या आधी पाहुण्यांना भेटायच्या अगोदर मी त्याला गाठतो, चहा पाजतो आणि सांगतो, बाबा, आवाज आला नाही तर माईक चालू आहे असं समज.