कालावधीचा डेक: पट्टी काढून टाकली

मंडळी, अखेर गाठ सुटली. 'किती वेळ टिकतं' हे सांगणाऱ्या इंग्रजी विशेषणांचा डेक, म्हणजे पाठांतराच्या कार्डांचा संच, मी करतेय. त्यांची कमी वेळेकडून जास्त वेळेकडे जाणारी पट्टी मागच्या नोंदीत टाकली होती. डावीकडे मोमेंटरी, मग ब्रीफ, टेंपररी, मधे लेंग्थी, उजव्या टोकाला पर्मनंट आणि त्याच्याही पलीकडे इटर्नल. घोडं अडलं होतं ते 'टेंपररी'पाशी. कुठेही ठेवा, नवं वाक्य समोर आलं की जागा बदलायची. दोन मिनिटांचा टेंपररी बिघाड असतो आणि दहा वर्षं चाललेली टेंपररी व्यवस्थाही असते.

मग वाक्यं जरा बाजूला ठेवून वस्तूंकडे वळले. आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला तो २० वर्षांच्या परवान्यावर. म्हणजे कागदोपत्री टेंपररी, आणि आजही उभाच. आता पर्माफ्रॉस्ट, म्हणजे गोठलेली जमीन, घ्या. त्यातला 'पर्मा' पर्मनंटचाच, पण व्याख्येत बसायला जमीन सलग २ वर्षं शून्य अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली राहिली की पुरे. केस कुरळे करून घेतात ते पर्म म्हणजे मूळचं 'पर्मनंट वेव्ह'. तो पर्मनंटपणा काही महिन्यांत नवे केस वाढले की संपतो. हे तिन्ही पट्टीवर मांडलं तर टेंपररी उजवीकडे जातं आणि पर्मनंट डावीकडे.

याचा अर्थ हे दोन शब्द वेळ मोजतच नाहीत. शेवट आधीपासून गृहीत धरलाय की नाही, एवढंच ते सांगतात. पर्मनंट नोकरीच्या पत्रावर संपण्याची तारीख नसते. माणूस उद्या राजीनामा देऊ शकतो, तरी नोकरी पर्मनंटच. हे लक्षात आल्यावर बाकीची मंडळी आपोआप हलायला लागली. प्रोव्हिजनल म्हणजे पक्कं होईपर्यंत, आणि पक्कं होताना बदलूही शकेल. इंटरिमला दोन्ही बाजूंना कुणीतरी लागतं: आधीचं गेलंय, पुढचं यायचंय. टेंपररी, प्रोव्हिजनल, इंटरिम, तिघांचाही लांबीशी संबंध नाही. आपण त्यांना 'थोडा वेळ' या खणात कोंबत होतो.

पट्टीच्या जागी आता कार्डाच्या मागे तीन प्रश्न आहेत. शेवट कुणी ठरवलाय? बोलणारा काळात कुठे उभा आहे? आणि ते संपावं असं त्याला वाटतंय का?

दुसऱ्या प्रश्नाने तर मजाच आणली. लाँग-स्टँडिंग आणि लास्टिंग हे दोन्ही शब्द मला नेहमी एकाच कुळातले वाटायचे. पण लाँग-स्टँडिंग मागे पाहतं आणि लास्टिंग पुढे. लाँग-स्टँडिंग वाद आजवर चालत आलाय. उद्या मिटला तरी विशेषण खरंच राहतं. लास्टिंग पीस मात्र अजून टिकायची आहे. म्हणून तहाच्या बातमीत लास्टिंग येतं आणि वादाच्या बातमीत लाँग-स्टँडिंग. एन्ड्युअरिंग दोन्हीकडे पाहतं: टिकलंय, आणि टिकेल असंही वाटतंय. ड्युरेबल यांच्यात मिसळत नाही, कारण त्यात झीज सोसायची ताकद आहे, नुसता काळ नाही. अमेरिकी आर्थिक आकडेवारीत ड्युरेबल गुड्स म्हणजे सरासरी किमान ३ वर्षं वापरता येणारा माल, आणि त्या यादीत मोटारी, फर्निचर अशी मंडळी असतात.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. एकच नाम घेऊन चाचणी करा, मी 'सायलेन्स' घेतलं. ब्रीफ सायलेन्स: थोडीशी शांतता, बोलणारा तटस्थ. मोमेंटरी सायलेन्स: बोलता बोलता क्षणभर खंड पडला. प्रलाँग्ड सायलेन्स: अपेक्षेपेक्षा लांबली, आता कुणीतरी बोलावं. इंटरमिनेबल सायलेन्स: बोलणाऱ्याचा जीव मेटाकुटीला आलाय, घड्याळात भले एकच मिनिट झालं असेल. टेंपररी सायलेन्स म्हटलं की मात्र सूर बदलतो. आवाज पुन्हा सुरू होणार हे बोलणारा जाणून आहे. ही पाच कार्डं या आठवड्यातली माझी सर्वांत लाडकी. तसंच फ्लीटिंग आणि शॉर्ट-लिव्हड: फ्लीटिंग ग्लिम्प्समध्ये आणखी पाहायची इच्छा उरते, शॉर्ट-लिव्हड यशात निराशा असते.

साधनांबद्दल. कार्डं घोटून घेणारं अँकी हे अ‍ॅप आहेच, त्याला तोड नाही. व्याख्यांसाठी कोबिल्ड पद्धतीचा शब्दकोश हवा, कारण तिथे व्याख्याच पूर्ण वाक्यात असते आणि शब्द कशाला लागतो हे त्या वाक्यातच कळतं. १९८७ पासूनची ही पद्धत मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. विशेषणांसोबत येणारी नामं गोळा करायला ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा साठा. दहा कोटी शब्द आपल्या कामाला भरपूर आहेत. समानार्थी शब्दांच्या याद्या मात्र या डेकसाठी निरुपयोगी, हे माझं ठाम मत. ब्रीफ, टेंपररी, ट्रान्झियंट, इफेमरल एका ओळीत मांडले की फरक तिथेच मेला.

ट्रान्झियंटचं एक सांगायलाच हवं. विजेच्या मंडलातला ट्रान्झियंट, म्हणजे क्षणिक उसळी, सेकंदाच्या दशलक्षांश भागातही संपू शकतो. खगोलशास्त्रात कित्येक महिने दिसणारा सुपरनोव्हाही ट्रान्झियंटच. क्रॉनिकही असंच: मोठ्यांचा खोकला ८ आठवड्यांपुढे गेला की क्रॉनिक, मूत्रपिंडाच्या विकाराला त्यासाठी किमान ३ महिने लागतात. म्हणून शास्त्रीय वापराची कार्डं वेगळ्या खुणेची केली आणि त्यांच्यावर क्षेत्राचं नाव घातलं. हे काम झटपट झालं.

इफेमरलला अशीच खूण लावताना नद्यांची वर्गवारी समोर आली: पेरेनियल, इंटरमिटंट, इफेमरल. वर्षभर वाहणारी, हंगामात वाहणारी, फक्त पावसानंतर वाहणारी. इथे इफेमरल ओढा एकदाच वाहून संपत नाही, तो दर पावसाला परत येतो! आणि पेरेनियल नदी अखंड वाहते, पण 'पेरेनियल प्रॉब्लेम' बहुतेकदा पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा असतो. म्हणजे माझे तीन प्रश्न पुरेसे नाहीत. चौथा हवा: हे सलग आहे की परत परत येणारं?

हे लिहितानाच ठरवलं की पुढच्या हप्त्यात 'फॉरएव्हर' गटाची, म्हणजे पर्पेच्युअल, इटर्नल, एव्हरलास्टिंगची कार्डं करणार होते ती मागे ठेवते. आधी चौथा प्रश्न. त्यात कंटिन्युअस आणि कंटिन्युअलची जुनी जोडी आपोआप बसेल: पहिलं सलग, दुसरं थांबून थांबून पण सारखं. इंटरमिटंट आणि रिकरंट तर आजवर डेकमध्ये घ्यायची की नाही यावरच अडली होती, त्यांनाही घर मिळालं.

जाता जाता एक छोटी जोड. आकड्याची विशेषणं, म्हणजे 'टेन-मिनिट ब्रेक', 'थ्री-डे ट्रिप', वेगळ्या उपडेकमध्ये हलवली आहेत. तिथे नियम एकच: जोडरेघ आली की मिनिटला, डेला 'एस' लागत नाही. 'थ्री-डेज ट्रिप' असं कार्ड तुमच्या डेकमध्ये असेल तर आजच दुरुस्त करा.

आता मदत हवी आहे. पर्सिस्टंट मला अजून कुठेच बसवता येत नाही. पर्सिस्टंट कफमध्ये ते नकोसं आहे, पर्सिस्टंट एफर्टमध्ये कौतुकाचं. पहिलं आपोआप रेंगाळतं, दुसऱ्यात कुणीतरी नेटाने लागलेलं आहे. दोन कार्डं करू की एकाच कार्डावर दोन नामं ठेवू? तुमच्याकडे या शब्दाची खरी, वाचनात आलेली वाक्यं असतील तर नामासकट पाठवा, नुसतं विशेषण नको.