बार्शी लाईटच्या मागावर: मिरज ते लातूर, आणि मध्ये सुटलेला रामलिंगचा घाट

मिरज ते लातूर हा आजचा रेल्वेमार्ग बहुतेक सगळा बार्शी लाईट नावाच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या वाटेवरच आहे. ३२५ किलोमीटरची ती छोटी लाईन मोठी झाली, म्हणजे रुळांमधलं अंतर वाढवलं, तेव्हा काही तुकडे मात्र मागे राहिले. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा पांगरी आणि येडशीच्या मधला, रामलिंगच्या घाटातला. तो पाहायचा म्हणून हा प्रवास केला. ज्यांना जुन्या रेल्वेची ओढ आहे त्यांनी हा भाग पाहावाच, असं मला मनापासून वाटतं. कसा पाहायचा तेही लिहितो.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर घाटात नुसते दगड आणि माती दिसेल.

बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. पण जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई-सोलापूर लाईन बार्शीला टाळून गेली. जवळचं स्टेशन २१ मैलांवर, म्हणजे जवळपास ३४ किलोमीटरवर. नाव बार्शी रोड, म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. पेठेतला माल तिथपर्यंत बैलगाडीने जायचा आणि पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या रुतायच्या. जीआयपीत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरला इथे छोट्या रेल्वेची संधी दिसली. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली.

रुळांमधलं अंतर अडीच फूट. पण कॅलथ्रॉपचं खरं डोकं दिसतं ते वजनाच्या हिशेबात. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही एका आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा नियम. भार सगळीकडे सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, पूल हलके चालतात आणि तरी गाडी भरपूर माल ओढते. यार्डाला ३० पौंडांचे रूळ त्याने वापरले, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मोठ्या लाईनवर ६० किलोचे रूळ असतात, त्यावरून अंदाज करा. इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची. सहा आसांवर पसरलेलं वजन, त्यातले चार आस ओढणारे. डबे आणि इंजिन इथे पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ खास रूळ टाकून त्यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. नंतरच्या अनेक छोट्या रेल्वेंनी बार्शीकडे पाहून धडे घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या एका पेठेसाठी बांधलेल्या लाईनचा हा मान आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

पुढे लाईन दोन्ही बाजूंनी वाढली. १९०६-०७ मध्ये एकीकडे पंढरपूर आणि दुसरीकडे तडवळे, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. १ जानेवारी १९५४ रोजी कंपनी सरकारजमा झाली. तरी लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते ‘बार्शी लाईट’च.

आता प्रवास. मिरजेहून निघालात तर दिवसाची गाडी पकडा. एके काळी मिरजेत मोठी, मीटर आणि छोटी अशा तिन्ही मापांचे रूळ होते. आता सगळं एकाच मापाचं आहे. आरग, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड हा सगळा कोरडा माळ खिडकीतून पाहण्यासारखा आहे. सांगोल्याला डाळिंबाच्या बागा दिसतात. देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी याच स्टेशनातून बंगालमधल्या शालिमारकडे निघाली होती. पंढरपूरला उतरायचं असेल तर आषाढी-कार्तिकीचे आठवडे सोडून या. वारीच्या दिवसांत रेल्वेचा अभ्यास होत नाही, आणि वारकऱ्यांची जागा आपण अडवूही नये.

कुर्डुवाडीत थोडा वेळ काढाच. इथला छोट्या गाडीचा कारखाना लाईन गेल्यावरही जगला. माथेरानच्या गाडीचे डबे इथे दुरुस्तीला येतात. आत परवानगीशिवाय जाता येत नाही, पण स्टेशनाभोवतीच्या वस्तीत रेल्वेत हयात घालवलेली माणसं भेटतात. ‘काका, छोट्या लाईनवर होता का?’ एवढंच विचारा. पुढचा तासभर तुम्हाला फक्त ऐकायचं असतं.

बार्शीत मुक्काम सोयीचा. भगवंताचं देऊळ पाहून घ्या, सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होतं.

बार्शीच्या पुढे खरा विषय सुरू होतो. बार्शी खाली आणि येडशी वर, बालाघाटच्या पठारावर. जुनी गाडी पांगरी सोडली की रामलिंगच्या डोंगरातून वळणं घेत थेट येडशीला चढायची. छोट्या मापाला तीव्र वळण परवडतं, म्हणून कॅलथ्रॉपच्या लाईनला डोंगर फार फोडावा लागला नाही, ती डोंगराच्या कलाने गेली. मोठ्या लाईनला ते जमणारं नव्हतं. २००७-०८ मध्ये रुंदीकरण झालं तेव्हा मार्गच बदलला. नवी लाईन पांगरीहून वळसा घालून उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला गेली आणि तिथून येडशीला आली. जिल्ह्याच्या गावाला तोवर रेल्वेच नव्हती. वीसेक किलोमीटरवरचं येडशी हेच त्यांचं जवळचं स्टेशन. म्हणजे घाट सुटला तेव्हाच धाराशिवला गाडी मिळाली. घाट गेल्याचं वाईट वाटतं, पण धाराशिवच्या माणसाला ते सांगायला जाऊ नका. त्याचं म्हणणं रास्त आहे.

या घाटाला आणखी एक अर्थ होता. बार्शी तालुका इंग्रजी अमलात, येडशी निजामाच्या राज्यात. त्यामुळे घाट चढणारी गाडी राज्यही बदलायची. हैदराबाद मुक्तिसंग्रामात बार्शीच्या बाजूला कार्यकर्त्यांची केंद्रं होती, हे लक्षात ठेवून हा डोंगर पाहिला की तो वेगळा दिसतो.

रामलिंगला जायला येडशीहून जा. येडशी सोलापूर-धुळे महामार्गावर आहे, धाराशिवहून एसटी मिळते. देऊळ दरीत, झाडीत. सीतेला सोडवताना जखमी झालेल्या जटायूची जागा म्हणून लोक ते मानतात. हा सगळा परिसर अभयारण्यात येतो, म्हणून जुन्या लाईनच्या मागावर झाडीत शिरण्याआधी वनखात्याच्या माणसांना विचारा आणि गावातला एखादा माहीतगार सोबत घ्या. रूळ आता शोधायचे नसतात, शोधायचा असतो आकार: डोंगराच्या कडेने एकसारख्या चढाने जाणारा भराव, मध्येच कापलेली कड, ओढ्यावरचं दगडी काम. नैसर्गिक उतार असा एकसारखा कधी नसतो. एकदा डोळा बसला की लांबूनही ती रेघ ओळखू येते.

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात धबधबा असतो, पण गवत वाढून भराव झाकला जातो आणि दगड निसरडे होतात. श्रावणी सोमवारी भाविकांची प्रचंड गर्दी असते. माकडं भरपूर, खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवू नका. पाणी सोबत न्या.

येडशीच्या पुढे कळंब रोड स्टेशन कसबे तडवळ्याचं. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार-मांग परिषद घेतली ते हेच गाव, तेव्हा उतरण्यात अर्थ आहे. ढोकी आणि मुरूड मी गाडीतूनच पाहिली. लातूरचं जुनं स्टेशन शहराच्या आत होतं, आताचं बाहेर आहे. पेठेतल्या जुन्या लोकांना विचारत गेलं की जुन्या लाईनची जागा कळते.

लातूर स्टेशनात उभं राहिलं की एप्रिल २०१६ चा दुष्काळ आठवतोच. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली ती याच वाटेने: दहा टँकर डबे, प्रत्येकात ५० हजार लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. एका डब्यात नुसत्या पाण्याचंच वजन ५० टन, आणि खाली चार आस. पाच टनांच्या हिशेबाच्या रुळांवर हे पाणी लातूरला पोचलंच नसतं. रामलिंगचा घाट पाहून इथे आलात तर हा हिशेब आपोआप डोक्यात सुरू होतो, म्हणून मिरजेकडूनच प्रवास करा, उलटा नको.

आणखी काही गोष्टी. या मार्गावर दिवसाच्या गाड्या थोड्या आहेत आणि काही आठवड्यातून एकदोनदाच धावतात, तेव्हा निघण्याआधी वेळापत्रक पाहा. मुंबई-लातूर एक्स्प्रेस सोयीची आहे, पण ती रात्रीची, खिडकीतून काहीच दिसत नाही. बार्शी ते येडशी एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने करणं बरं, पांगरीला थांबता येतं. चालू लाईनवरून चालू नका, तो गुन्हाही आहे आणि जिवावरचा खेळही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या लाईनचं काम हाती घेतलेलं आहे, ती झाली की धाराशिव जंक्शन होईल आणि सोलापूरकडून येणाऱ्यांना हा भाग आणखी जवळ पडेल. आणि शेतातून गेलेला जुना भराव दिसला तर शेतकऱ्याला विचारूनच पाऊल टाका. बहुतेक जण स्वतः सोबत येऊन दाखवतात.