शेवटे उडाले तेव्हा

आंबोली उतरून गोव्यात आलो. पहिले दोन दिवस पणजी, मंगेशी आणि म्हापशाच्या बाजारात गेले. लिहायचंय ते तिसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल.

कोको बीचवरून होडी घेतली. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ ही पाटी लेकीने आदल्या दिवशीच वाचली होती, त्यामुळे तिला थोपवणं शक्य नव्हतं. मांडवीच्या मुखाशी आलो आणि होडीवाल्या काकांनी इंजिन बंद केलं. मी म्हटलं, "काका, पुढे घ्या की." ते म्हणाले, "रावा मात्शें (थांबा जरा). शेवटे उडतायत बघा."

शेवटे म्हणजे मुंबईकडचे बोय. पन्नास हातांवर पाणी खदखदल्यासारखं झालं आणि पाच-सहा मासे चकाकत वर उसळले. पाठोपाठ एक लांब चोच तिरकी वर आली, मग राखाडी पाठ, पाठीवर उंचवटा आणि त्यावर बारकासा पर. मदारी, म्हणजे हंपबॅक डॉल्फिन! मालवणकडे यांना गादा म्हणतात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि नदीच्या मुखाशीच यांचं सगळं आयुष्य जातं, कारण शेवटे, तारले, ढोमे यांना तिथेच मिळतात.

चौघे होते. दोघे एका बाजूने माशांना रेटत होते आणि त्यांच्यापुढे शेवटे बाहेर उड्या घेत होते. एकाने चोचीत मासा आडवा पकडला, झटका देऊन त्याचं डोकं आत वळवलं आणि अख्खा गिळला. डॉल्फिन चावून खात नाहीत. दात फक्त पकडायला. डोक्याकडून गिळला की माशाचे काटे घशात अडकत नाहीत. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच, म्हणून ते टिकटिक आवाज सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे ते ओळखतात. आई म्हणाली, "आंधळ्याची काठीच ती." मला ते फार पटलं.

आणि मग बाकीच्या होड्या आल्या. सात मोजल्या, पुढे मोजणं सोडलं. इंजिनं चालूच, शिट्ट्या, आरडाओरडा, "तो बघ तो बघ!" एका होडीने तर सरळ त्या चौघांच्या मधूनच वाट काढली. जे जनावर कानांनी शिकार करतं, त्याच्या कानाशी एवढी इंजिनं! शेवटे पांगले. डॉल्फिननी शेपट्या वर काढून बुडी मारली आणि बऱ्याच वेळाने आग्वादच्या दिशेला दूरवर एकच पाठ दिसली. त्यांच्यात एक पिल्लू होतं, आईच्या कुशीला चिकटून पोहणारं. ते काही परत दिसलं नाही.

मला इतका संताप आला की घशाशी आवंढा आला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. वाघ सांबर खात असताना त्याच्याभोवती सात जीप कर्णे वाजवत फिरल्या तर केवढा गहजब होईल!

पण खरं सांगते, काकांनी इंजिन बंद केलं तेव्हा "पुढे घ्या" म्हणणारी मीच होते. माझं ऐकून त्यांनी इंजिन चालू केलं असतं, तर ते शेवटे आणि ती चोच मला दिसलीच नसती. उतरताना मी त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "लोकांक फोटो जाय (हवा), ताई. थांबलो तर गिऱ्हाईक रागावतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही होडी घेतली नाही. आग्वाद किल्ल्याच्या तटावर बसलो. लेकीने आजोबांची दुर्बीण गळ्यात अडकवली होती. सुरय पक्ष्यांचा थवा एका जागी सारखा सूर मारत होता. तिथेच पाणी फुटलं. एक पाठ, मग दुसरी, आणि तिला चिकटून एक छोटी.

"आई, खातायत गं," लेक हळूच म्हणाली.