ताम्हिणीच्या वळणावर गाडीचा मागचा भाग का सरकला

मागच्या जुलैमध्ये भर पावसात ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरताना, एका डाव्या वळणाच्या मध्यावर मी ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला. समोरून कोणी येत नव्हते, त्यामुळे गाडी सावरता आली. परंतु शेजारी बसलेल्या आईने घट्ट धरलेली दाराची मूठ घाट उतरेपर्यंत सोडली नाही. तेव्हापासून त्या वळणाचे गणित मी अनेकदा मांडले आहे.

गाडी बाहेर फेकली गेली, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात जडत्वामुळे गाडी सरळ जाऊ पाहते आणि तिला वळणाच्या आत ओढणारे अभिकेंद्री बल केवळ टायर व डांबर यांच्यातील घर्षणातून मिळते, तेही प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम तळहाताएवढ्या जागेतून. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. 30 मीटर त्रिज्येचे सपाट वळण ताशी 40 किलोमीटर वेगाने घेण्यासाठी गाडीच्या वजनाच्या सुमारे 42 टक्के बल लागते, तर ताशी 60 ला तेच सुमारे 94 टक्क्यांवर जाते. चांगल्या टायरची पकड कोरड्या डांबरावर साधारण 70 ते 80 टक्के असते आणि ओल्या डांबरावर 50 च्या आसपास उतरते. जड गाडी रस्त्याला चिकटून राहते हा समज इथे टिकत नाही, कारण वस्तुमान वाढले की लागणारे बल आणि मिळणारी पकड दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात.

ब्रेक लावण्यासाठीही हीच पकड वापरली जाते. ही दोन बले परस्परांना काटकोनात असल्यामुळे 50 पैकी 42 वळण्यात खर्च झाले, तर ब्रेकसाठी पायथागोरसच्या नियमाने सुमारे 27 उरतात. एवढे पुरेसे वाटते, आणि मलाही वाटले असते. पण ब्रेक लावताच भार पुढच्या चाकांकडे सरकतो, हे त्यात धरलेले नाही. 1000 किलोच्या गाडीत मागच्या चाकांवर 400 किलो भार असेल, गुरुत्वमध्य रस्त्यापासून 55 सेंटिमीटर उंच आणि दोन आसांमधील अंतर अडीच मीटर असेल, तर तेवढ्या ब्रेकने सुमारे 60 किलो भार पुढे जातो. मागे उरलेल्या 340 किलोंवर 170 किलोंची पकड मिळते आणि मागचा भाग वळवण्यासाठीच 168 लागतात. मागच्या ब्रेकसाठी काही शिल्लकच राहत नाही. पुढची चाके मात्र वाढलेल्या भारामुळे रस्ता धरून ठेवतात, म्हणून गाडी सरळ न घसरता तिचा मागचा भाग फिरतो. एबीएस चाके जाम होऊ देत नाही, परंतु रस्त्यात नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही.

त्या दिवशी छतावरच्या कॅरियरवर घरदुरुस्तीचे जड सामान होते. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका अधिक भार पुढे सरकतो, हे मला पाठ होते, तरीही ते वर बांधण्याचा निर्णय माझाच होता. आता मी असे सामान मागच्या सीटच्या पायथ्याशी ठेवतो आणि वळण सुरू होण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक लावून दुसरा गिअर टाकतो.